कॉम्प्युटर रूमचा नाखवा

अन्याय झाला तो नाखवावर. १९९६ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसात. सात वर्षं ज्या माणसाने त्या कंपनीची कॉम्प्युटर रूम स्वतःच्या कानांवर चालवली, त्याच्या हातात एक कागद ठेवण्यात आला. तुम्हाला कमी ऐकू येते, सबब आपण या कामास योग्य नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. ऐकू का कमी येतं, कशाने आणि कुठे बसून, याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकीचं नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्या आपण त्या गावच्याच नाही असं दाखवायला मोकळ्या होतात.

नाखवा म्हणजे होडीचा धनी. आमच्या नाखवाचं खरं नाव मस्टरवर होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला माणूस. वडिलांची बोट होती, खाडीतली मासळी आटली तशी ती बोट किनाऱ्यावरच राहिली, आणि हा आयटीआय करून वायरमन म्हणून कंपनीत लागला. १९८९ला कंपनीने कॉम्प्युटर आणले तेव्हा ‘लाइट-बिटचं बघायला कुणीतरी हवा’ म्हणून त्याला मेंटेनन्समधून तिकडे पाठवलं. लाइट-बिट बघता बघता त्याने सगळं नेटवर्कच शिकून घेतलं. पुस्तकातून थोडं, सप्लायरच्या इंजिनियरच्या खांद्यावरून बरंचसं, आणि उरलेलं कानाने.

हे कानाने म्हणजे काय ते सांगते. मी १९९३ला तिथे ऑपरेटर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात बघते तर नाखवा डोळे मिटून उभा. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक एका खोक्याच्या पत्र्यावर टेकवलेलं, आणि मूठ कानामागच्या हाडावर. मी सुलभाताईंना विचारलं, हे काय करतायत? सुलभाताई माझ्या आधीच्या ऑपरेटर, डोंबिवलीच्या. त्या म्हणाल्या, डॉक्टर तपासतायत, गप्प बस. दोन मिनिटांनी नाखवाने डोळे उघडले आणि सांगितलं, “तिसऱ्या खोक्यातला डावा पंखा. दहा दिवस काढील.” सुलभाताईंनी कॅलेंडरवर खूण केली. नवव्या दिवशी दुपारी तो पंखा बसला. नाखवाला एका दिवसाची चूक झाल्याचं इतकं वाईट वाटलं की त्याने आम्हाला भजी आणली.

आता ती खोली. काचेची. दारात चपला काढायच्या, कारण धूळ. आत मोजे घालून फिरायचं, आणि मे महिन्यातसुद्धा स्वेटर. पॅकिंग हॉलमधल्या बायका जेवायच्या सुट्टीत काचेला नाक लावून बघायच्या आणि म्हणायच्या, तुमचं काय बाई, एसीत बसता. त्यांना काचेपलीकडचं ऐकू यायचं नाही. आत माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट होतं. कंपनीच्या प्रत्येक खात्यातून आलेल्या वायरी त्यातल्या खोक्यांमध्ये शिरत. शीळफाट्याच्या गोडाऊनशी जोडणारे मोडेम त्यातच, आणि तळाला दोन सर्व्हर. प्रत्येक खोक्याला तळहाताएवढे दोन-तीन पंखे. घरातला पंखा वारा घालतो. हे पंखे किंचाळतात. सगळे मिळून एक बारीक, न थांबणारी शिट्टी, आणि तिच्या खाली घरघर. माझी खुर्ची या कपाटापासून दोन हातांवर. आठ तास. कपाट तिथेच का? कारण त्यावरचे हिरवे दिवे लुकलुकतात, आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना ते काचेतून दाखवायचे असतात.

नाखवाचं एक वाक्य होतं, “पंखा ओरडत नाय गो, पत्रा ओरडतो.” पंखा थरथरतो, ज्या पत्र्याला तो स्क्रूने आवळलेला असतो तो पत्रा ती थरथर मोठी करून सांगतो. म्हणून नाखवाने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापल्या आणि प्रत्येक पंख्याच्या प्रत्येक स्क्रूखाली एकेक बसवली. तीन रविवार घरचं जेवण सोडून तो हे करत बसला. घरघर निम्मी झाली. सप्लायरचा इंजिनियर आला, त्याने चकत्या पाहिल्या आणि विचारलं, ये कौनसा पार्ट है, हमारी लिस्ट में तो नहीं है. नाखवा म्हणाला, “हर्क्युलस का है. अॅटलास का भी चलेगा.”

घरघर निम्मी झाली तरी शिट्टी राहिली. शिट्टी हवेची होती. त्यावरही त्याचं म्हणणं ठरलेलं: हवेला वाट दिली की ती गपचूप जाते, अडवली की बोंबलते. दर पंधरा दिवसांनी तो पंख्यांपुढच्या जाळ्या काढायचा, नळाखाली धुवायचा आणि खिडकीत उन्हात वाळत घालायचा, बोंबील घालतात तशा ओळीने. आमच्या ईडीपीच्या साहेबांना हे आवडायचं नाही. कॉम्प्युटर खात्याला तेव्हा ईडीपी म्हणत, आणि साहेबांना वाटायचं की ईडीपीच्या खिडकीत काही वाळत दिसू नये.

साहेबांच्या हौशीचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. दसऱ्याला प्लँटमध्ये सगळ्या मशीनची पूजा व्हायची. साहेबांचं मत, आमच्या मशीनने काय पाप केलंय? त्यांनी स्वतः झेंडूचा घसघशीत हार आणला आणि कपाटाला वरपासून खालपर्यंत घातला. आपट्याची पानं खोक्यांच्या फटीत खोचली. उदबत्ती लावली. फोटो काढला. सुट्टीनंतर आम्ही आलो तर निम्मी कंपनी बंद. पंख्यांनी दोन दिवस झेंडू ओढला होता. जाळ्यांवर पाकळ्यांचा लगदा, आणि आतली खोकी तव्यासारखी तापलेली. नाखवा चिमट्याने एकेक पाकळी काढत होता, साहेब मागे उभे. नाखवा वळून शांतपणे म्हणाला, “साहेब, पुढच्या वर्षी पूजा करा, पण देवाच्या नाकात फूल घालू नका.” सुलभाताई प्रिंटरमागे जाऊन हसल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज कुणालाच आला नाही, इतका बाकीचा आवाज होता.

मी हसत लिहितेय, पण त्या खोलीत आमचं काय होत होतं हे आम्हाला दिसत नव्हतं. घरी गेले की आई म्हणायची, वर्तकनगरभर ऐकू जाईल, हळू बोल. सुलभाताईंचे मिस्टर म्हणायचे, टीव्ही कमी कर, शेजारचे आपलाच टीव्ही बघतात. कानात रातकिडे लागलेले असायचे, ते अंथरुणात पडल्यावर कळायचं. आम्ही म्हणायचो, दमलोय. नाखवा पहिला, ज्याने म्हटलं की ही दमणूक नाही. त्याला हे ठाऊक होतं, कारण त्याच्या वडिलांचे कान बोटीच्या इंजिनाने घेतले होते. “बापाला भरतीचा आवाज यायचा नाय शेवटी,” तो एकदा बोलता बोलता म्हणाला, आणि लगेच विषय बदलला.

तो आधी साहेबांकडे गेला. मागणी साधी होती: कपाट भिंतीपलीकडे हलवा. पलीकडे कागदाचं स्टोअर होतं, दोन मीटर वायर वाढवली की काम झालं. साहेब म्हणाले, मग पाहुण्यांना काय दाखवू, भिंत? एवढा त्रास होत असेल तर कानात कापूस घाला. नाखवा म्हणाला, “कापूस मेल्यावर घालतात, साहेब.”

मग तो सेफ्टी ऑफिसरकडे गेला. मशीन शॉपमध्ये आवाज मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. तिथल्या कामगारांना कानात घालायचे बोळे मिळत, वर्षाला एकदा कान तपासले जात. युनियनने ते भांडून घेतलं होतं. नाखवाने त्यांना चहाला बोलावलं आणि येताना यंत्र घेऊन यायला सांगितलं. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी मोजलं. काटा जिथे थांबला तिथेच तो पॅकिंग हॉलमध्येही थांबतो, हे त्यांनीच सांगितलं. मग लिहा, नाखवा म्हणाला. सेफ्टी ऑफिसर वाईट माणूस नव्हता. तो खरोखर अडचणीत पडला. म्हणाला, माझ्या फॉर्मात कॉम्प्युटर रूमची ओळच नाही. हे ऑफिस धरतात, आणि ऑफिसात गोंगाट नसतो. नाखवाने विचारलं, ओळ वाढवता येत नाही का? फॉर्म वरून येतो, तो म्हणाला, आणि चहा संपवून गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणसाचं दुखणं रकाना नसल्यामुळे रद्द होऊ शकतं.

१९९५च्या पावसाळ्यात नाखवाने एक अर्ज केला. कॉम्प्युटर रूममध्ये बसणाऱ्या सर्वांचे कान मशीन शॉपप्रमाणे दरवर्षी तपासावेत. चार ओळी, सुवाच्य अक्षर. खाली तीन सह्यांची जागा. तो अर्ज त्याने माझ्यापुढे ठेवला, मग सुलभाताईंपुढे. आम्ही सही केली नाही. आम्हाला भीती होती की कान खराब निघाले तर आम्हाला एसीतून काढून पॅकिंगला टाकतील. खरं सांगायचं तर भीती कानांची कमी आणि पॅकिंगची जास्त होती. काचेला नाक लावणाऱ्या त्या बायकांमध्ये जाऊन बसायचं आम्हाला कमीपणाचं वाटत होतं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. अर्ज एकट्या त्याच्या सहीने गेला, आणि एकट्याची तक्रार वैयक्तिक असते असं उत्तर आलं.

दुसरा कुणी असता तर आमच्याशी बोलणं टाकलं असतं. नाखवाने पुढच्या रविवारी मशिनरीच्या खोक्यांचं फुकट गेलेलं प्लायवूड आणलं आणि कपाटाभोवती पेटी बांधली. आतून काचलोकर, वरून जाड कापड. हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवलेली, पण सरळ नाही, दोनदा वळलेली. हवा वळून जाते, आवाज भिंतीला आपटून मरतो, असं त्याने समजावलं. दोन दिवस तो थर्मामीटर घेऊन बसला. आतली उष्णता वाढली नाही. सोमवारी आम्ही आत आलो आणि दारातच थांबलो. काहीतरी बंद पडलंय असं वाटलं. फोनची रिंग ऐकू आली. घड्याळाची टिकटिक. सुलभाताई मला म्हणाल्या, अगं, तू काम करताना गुणगुणतेस. दोन वर्षं मी गुणगुणत होते आणि हे मलाही माहीत नव्हतं.

ती पेटी नऊ दिवस राहिली. मग कोणी परदेशी पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ती उतरवायला लावली, कारण दिवे दिसत नव्हते. पाहुणे आले, काचेसमोर दीड मिनिट उभे राहिले आणि जेवायला गेले. पेटी पुन्हा लागली नाही. सुतारखात्याने तिची स्टुलं केली.

पुढच्या वर्षी, १९९६च्या गणपतीनंतर, नाखवा बदलला. स्क्रूड्रायव्हर लावून तो जास्त वेळ उभा राहायचा. दुसरा कान लावून बघायचा. मी त्याला हाक मारली की हसायचा, आणि त्या हसण्यात उत्तर नसायचं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, गोडाऊनमधून सगळ्यात जास्त माल निघतो त्या दिवशी, मोडेमच्या खोक्यातला पंखा तेल सुकून थांबला आणि खोकं जळलं. शीळफाट्यावर ट्रक दुपारपर्यंत उभे राहिले. सुकलेला पंखा थांबण्याआधी दोन-तीन दिवस बारीक चिरकतो. माझ्यासारखीला नाही कळत, पण नाखवाला ते शिकवायची गरज नव्हती. साहेब ओरडत आत आले. नाखवाने त्यांच्यासमोर लॉगबुक उघडलं आणि लिहिलं: ‘पंखा तीन दिवस वाजत असणार. मला तो आवाज ऐकू आला नाही.’ खाली सही.

मी त्याला म्हटलं, नाखवा, हे कशाला लिहिलंत, पंखा खराब होता एवढंच लिहायचं होतं. त्यावर तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगते. “खोटा लिवला तर उद्या दुसरा खोकाबी जळंल, आनि कुनाला ठावबी नाय पडनार का मना आयकू येत नाय. मशीन माज्या भरोशावर हाय गो.” नेहमी आमच्याशी बरंचसं शुद्ध बोलणारा माणूस त्या दिवशी पूर्ण घरच्या बोलीत बोलला.

त्याच ओळीची झेरॉक्स काढून कंपनीने पर्सोनेलच्या फाइलला लावली आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी त्याला कागद दिला. ज्या आवाजाबद्दल तो तीन वर्षं बोलत होता, त्या आवाजाने त्याचे कान नेले. मग कान गेले म्हणून त्यालाच खोलीतून काढलं, आणि आवाज होता तिथेच ठेवला. त्याची बदली शीळफाट्याच्या गोडाऊनला, माल मोजायला. तो खोलीत आला, स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला, सुलभाताईंना नमस्कार केला, दारात बसून चपला घातल्या आणि गेला. कुणाला दोष दिला नाही. मी देते. साहेबांना, फॉर्म छापणाऱ्याला, आणि त्या दोन ऑपरेटर बायकांना, ज्यांनी वर्षभरापूर्वी सही केली असती तर एकट्याची तक्रार तिघांची झाली असती.

त्या दुपारी सुलभाताईंनी आणि मी नाखवाचा अर्ज पुन्हा लिहून काढला, आणि त्यासोबत आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. पत्रकाचा मथळा होता, ‘काचेच्या आतही कामगार आहेत’. गेटवर स्वतः वाटलं. पहिल्यांदा ते हातात घेऊन उभ्या राहिल्या त्या पॅकिंग हॉलच्या बायका. त्यांनी आमच्या अर्जावर सह्या केल्या, स्वतःचा काही संबंध नसताना. मी शरमेने खाली बघत होते, तर त्यातली एक म्हणाली, “बघतेस काय, पेन दे. आमालाबी आवाजाचं कळतं.” आठवड्याभरात युनियनला आमची आठवण झाली. कंपनीच्या डॉक्टरने आमचे कान तपासले. सुलभाताईंचा डावा कान, कपाटाच्या बाजूचा, उजव्यापेक्षा बराच उतरलेला निघाला. माझी सुरुवात होती. १९९७च्या उन्हाळ्यात कपाट भिंतीपलीकडे गेलं. काम अर्ध्या दिवसाचं निघालं. नाखवाला मात्र परत आणलं नाही. पर्सोनेलवाले म्हणाले, ती बदली प्रशासकीय होती.

मी त्याला भेटायला कोळीवाड्यात गेलेले, तेव्हा त्याने कंपनी सोडून दिलेली. भावाबरोबर बोटीची इंजिनं दुरुस्त करत होता. जाड आवाज त्याला अजून नीट कळायचा. बारीक आवाज गेले होते. त्याची बायको मासळी साफ करता करता मला म्हणाली, “आता भांडाया पन मजा नाय गो. मी बोंबलतंय, नि ह्यो हसतंय.” नाखवाने तिच्या ओठांकडे बघितलं, समजला, आणि हसला. मी मोठ्याने सांगितलं की कपाट हललं. त्याने पहिला प्रश्न विचारला, मागून हवा जाते ना नीट? जाते, म्हटलं. दुसरा विचारला, तुझ्या जागी आता कोण बसतं? मी म्हटलं, मीच. मग तो म्हणाला, “तू बसतेस ते ठीक. पण आता बँकेत, टेलिफोनात, रिझर्वेशनला, सगळीकडं असली कपाटं लागतायत. कल्याणला माझा मेव्हणा बसतो, त्याच्याबी बाजूलाच हाय. त्यांचा अर्ज कोन लिवनार?”

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिलं. तो मेव्हणा कल्याणात, तसे आणखी कितीतरी ठाण्यात, डोंबिवलीत, मोहन्यात, या मिनिटाला एसीत बसून कान घालवतायत आणि बाहेरचे त्यांना नशीबवान म्हणतायत. तुमच्या ऑफिसात अशी खोली असणार. उद्या कामावर गेलात की चपला काढून आत जा. तिथे बसणाऱ्या माणसाच्या मागे एक हात अंतरावर उभे राहा आणि साध्या आवाजात त्याला नावाने हाक मारा. तो वळला नाही, तर तिथेच कागद घ्या, कपाट भिंतीपलीकडे न्या आणि आमचे कान तपासा अशा दोन ओळी लिहा, आणि त्याने सही करण्याआधी तुम्ही करा.